चालून दाखव म्हणे

मी मूळची खाप्याची. बाप हातमागावर बसे, माय कांड्या भरे, अन आम्ही तिघी बहिणी नदीवर धुणं न्यायचो. सातवीत शाळा सुटली, मंग लग्न होऊन नागपुरात आली. आमचे हे घरं पेंट करतात, मी धरमपेठेत दोन घरचा स्वयंपाक करतो. हे म्हणतात तू पहिले अशी भांडखोर नव्हती वं. नव्हतीच. कोणासमोर तोंड उघडत नव्हती मी, काय सांगू तुम्हाले.

आमची सोनल झाली तेव्हा रडलीच नाई. डॉक्टरनं पाठीवर थापा मारल्या, नळी घातली, मंग लय वेळानं बारीकसा आवाज आला. आम्ही पेढे वाटले. पोरगी वर्षाची झाली तरी मान धरे ना, पाय कात्रीसारखे एकावर एक चढत. विचारलं तर कोणी म्हणे होईन हळूहळू, कोणी म्हणे तेल लावा, कोणी म्हणे तुह्याच पोटात काही दोष असन. पण बाई, जन्मतानाच हिच्या मेंदूले मार बसला हाये, हिले आतापासून व्यायाम द्या, हे कोणी म्हणून सांगतलं नाई. तीन वर्षं गेली माही. तीन वर्षं! शेवटी सांगतलं कोणी, तर दवाखान्यात बाकावर माह्या बाजूले बसल्या एका आईनं. तिचंही लेकरू तसंच. ती म्हणे, अवं ताई, मागच्या इमारतीत व्यायाम फुकट शिकवतात, शाळेवाल्याले अशा लेकराले नाई म्हणता येत नाई, अन अपंगाचं प्रमाणपत्र काढून घे, त्याच्याबिना चाकाची खुर्ची भेटत नाई. म्हणजे सगळं होतं ना तिथंच! मी ज्या खिडकीवर दर महिन्याले उभी राहत होती, तिच्या मागंच होतं. सांगाले काय यायची जीभ झडत होती? अन वरून मलेच विचारतात, इतके दिवस काहून आली नाई.

आता प्रमाणपत्राचं ऐका. लहान होती तोवर कडेवरच फिरवली, प्रमाणपत्राले पहिल्यांदा गेली तेव्हा सोनल सात वर्षांची होती. अपंगाले तपासणारे डॉक्टर बसतात कुठं, तर दुसऱ्या मजल्यावर. अन लिफ्ट बंद. मी कडेवर नेली तिले. त्यायनं पाच वर्षांचंच प्रमाणपत्र देलं. म्हटलं साहेब, पाच वर्षांनी काय होणार हाये? म्हणे सुधारणा झाली असन तर पाहावं लागते. जसं काही आम्ही घरी तिले चालाले लावून राहिलो, अन इथं सोंग घेऊन आलो.

पाच वर्षांत पोरगी वाढली. त्या प्रमाणपत्रावर भेटलेली जुनी खुर्ची पुरे ना, गुडघे वर येत, कंबर घसरे. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, ती पडली तर जबाबदारी आमच्यावर येते, नवी खुर्ची आली का आणा. सोनल वर्गात दुसरी आलती, बरं का. हात वाकडा हाये, लिहाले वेळ लागते, पण डोकं तिचं लय तेज. ती घरी बसली. अन खुर्चीचा अर्ज परत आला, म्हणे प्रमाणपत्राची मुदत संपली, नवं आणा.

मंग आम्ही तिघं गेलो. लिफ्ट बंदच! चौकीदार म्हणे, उचलून न्या ना, सगळेच नेतात. हे वाकले. मागच्याच वर्षी हे इमारत रंगवताना दोराच्या झुल्यावरून पडले होते, पाठ अजून धड नाई. तर सोनल म्हणे, आई, मी वर नाई जात. बाबा पडन. तिचा एकेक शब्द अडकत येते, पण आला का पक्का. मी म्हटलं, नोको जाऊ. खुर्ची जिन्याच्या पहिल्या पायरीले लावली अन बाजूले मी बसली. चौकीदार ओरडला, रस्ता सोडा. म्हटलं नाई सोडत, डॉक्टरले खाली बोलाव. वरून बाबू आला, म्हणे डॉक्टर खाली येत नाईत, नियम नाई. म्हटलं दे लिहून कागदावर, का पांगळ्या लेकरानं जिना चढावा असा नियम हाये. तो काही लिहीना. रामटेकचा एक माणूस होता, जवान पोराले पाठीवर घेऊन पहाटेच्या बसनं आलता. तो म्हणे मीही नाई चढत बाप्पा, अन पोराले उतरवून बसला आमच्याजवळ. मंग आणखी एक बाई बसली, आणखी एक.

बारा वाजता डॉक्टर उतरले. सोनलकडे पाह्यलं नाई, मलेच म्हणतात, चालून दाखव म्हणा तिले. माह्या अंगाची आग झाली. पण मी बोलायच्या आत पोरगी बोलली. डॉक्टर, मले विचारा ना. मी इथंच हाये.

डॉक्टरनं चष्मा काढला, वाकून विचारलं, तुले चालता येते का? ती म्हणे, नाई. मागच्या वेळीही येत नव्हतं.

त्या दिवशी कायमचं प्रमाणपत्र भेटलं, रामटेकवाल्यालेही भेटलं. लोक म्हणाले शाबास. शाबास कायची? पुढच्या हप्त्यात डॉक्टर पुन्हा वरच बसले. खुर्ची आली तोवर अर्धं वर्ष वाया गेलं, माह्या पोरीनं ते खिडकीतून शाळेच्या पोरी पाहत काढलं. ते कोण भरून देईन?

आता ती शाळेत जाते. मी दर बुधवारी एका घरचं काम उशिरा करतो अन दवाखान्यात जाऊन बसतो. नवी आई दिसली का सांगतो, हे कागद आण, तिकडं व्यायाम हाये, कोणी नाई म्हटलं तर लिहून माग. बाया मले म्हणतात, असं लेकरू कोणाच्या घरी नोको येऊ. मी तसं म्हणत नाई. येऊ दे. कोणाच्याही घरी येऊ दे, सुखानं येऊ दे. फक्त त्याच्या मायले माह्यासारखं भांडाले शिकावं नोको लागू.