उजवी बाजू ह्यांची

त्या सकाळी मी दूध तापवलं, चादरी भिजत घातल्या, गॅलरीतल्या झाडांना पाणी दिलं, जाऊबाईंना फोनवर "दुपारी येते" म्हटलं आणि विमान उडवायला निघाले.

थांबा, आधी रीतसर नमस्कार राहिला. क्लबचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मुख्य प्रशिक्षक, आमचे मेकॅनिकभाऊ आणि चहा कधी येतो या काळजीत बसलेल्या सभासद बंधुभगिनींनो!

आपण मला निरोप देताय, तर उडणं का सोडतेय ते सांगणं आलं. गुडघे, डोळे, वय, असं काहीबाही कानावर येतंय. जाऊबाई तर केव्हाच्या म्हणताहेत, "या वयात बायका नातवंडांना वर उडवतात, तुम्ही स्वतःच उडताय!" तसं काही नाही. डॉक्टर म्हणाले, खुशाल उडा.

ही हौस मूळची ह्यांची. मी ह्यांच्या पुस्तकांतून शिकले, भाजी ढवळता ढवळता. ढगांच्या धड्यावर अजून फोडणीचा डाग आहे. उड्डाणाआधी विमान तपासायचं ते वाटून घेऊन. डावी बाजू माझी, उजवी ह्यांची.

"तुझ्याकडचं विमान ठीक?" हे पंखापलीकडून ओरडायचे.

"माझं ठीक. तुमच्याकडचं पडेलसं दिसतंय!"

प्रशिक्षकसाहेब, ही पद्धत तुम्हाला कधीच पटली नाही, ठाऊक आहे. हे गेल्यावर दोन्ही बाजू मीच बघत आले. कधी चुकले नाही.

त्या सकाळी हवा काय सुरेख होती! मी डावी बाजू बघितली, आत बसले, इंजिन सुरू केलं. तोच मेकॅनिकभाऊ हात हलवत समोर आले. मी खिडकी उघडली.

"काय हो, आता अंगावरून नेऊ का?"

"काकू, बंद करा! उजव्या पेट्रोलटाकीचं झाकण पंखावरच पडलंय!"

"अहो, तिकडचं हे बघ..."

"काकू," ते म्हणाले, आणि मी इंजिन बंद केलं.

प्रशिक्षक म्हणाले, होतं असं, तपासणीचा कागद हातात धरत जा. मी विसरले असते तर कागदाने भागलंही असतं. पण मी विसरले कुठे होते? मी निर्धास्त होते. उजवीकडे हे आहेत, हे मी धरूनच चालले होते. खरं सांगू? फार बरं वाटत होतं. घरी ह्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं, तर फार तर मांजर आत येईल. विमानाखाली मात्र लोकांची घरं असतात.

इतकी वर्षं आपण मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, तर काकू समजून पोटात घाला. एवढंच सांगायचं राहिलं.

त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी मी इथे आले, उजवी बाजू चाकापासून पंखाच्या टोकापर्यंत नीट तपासली, झाकण घट्ट बसवलं आणि मेकॅनिकभाऊंच्या मदतीने विमान आत शेडमध्ये ढकललं.