कच्चा टाका

ड्रेसिंगच्या रांगेत माझ्यापुढे येरवड्याचे एक शिंपी आणि त्यांची मुलगी बसली होती.

“मांडीची कातडी हाताला लावली, आणि टाके फक्त कडेनं. मधलं कशानं धरायचं?”

“मध्ये पेशीच एकमेकींना धरतात, बाबा. मग त्यांची ऊती होते.”

“कोण म्हणतं?”

“बारावीला होतं. काल सायबर कॅफेत परत वाचलं. पाच दिवस हात हलला नाही, तरच धरतात.”

“नाही हलला.”

“झोपेतसुद्धा?”

“घरी आल्याआल्या पट्टी शर्टाला शिवून टाकली. हे बघ.”

“म्हणून शर्ट बदलत नव्हतात? नर्सबाई ओरडतील आता.”

“ओरडू देत. सावकाश उसवा म्हणावं. मी कच्चाच टाका घातलाय. पक्कं करायचं काम पेशींचं.”