जांभळओढ्यावरची म्हातारी

ऐका. जवळ सरका जरा, माझा आवाज बारीक आहे आणि घाईनं मला सांगता येत नाही. शेवंता, त्या पोरांच्या अंगावर घोंगडं टाक.

एक आधीच सांगतो. रात्री सापाचं नाव घेऊ नये, लांबडं म्हणावं, असं आपल्यात आहे. मीही जन्मभर पाळलं. पण ही गोष्ट नावं घेतल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा भिऊ नका.

आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. धुळाप्पा नाव. तुम्ही नाही पाहिले त्यांना. ताडमाड उंच, हातात कायम काठी. साप मारावा तर त्यांनीच. कुठं लांबडं निघालं की बोलवा धुळाप्पाला. आणि चंदरआज्जीच्या गंजीतला नाग मारला, तेव्हापासून तर विचारूच नका! देवळापुढं नारळ फोडला, दाजींच्या गळ्यात हार घातला. खोबरं सगळ्या गावानं खाल्लं.

आता ही चंदरआज्जी कोण? जांभळओढ्याच्या काठाला एकटी राहायची. एक खोपटं, एक गवताची गंजी, भाताची एक कणगी. बस्स, एवढाच संसार. नाग मारला त्या दिवशी ती एकटीच रडत बसली होती. "गुणाचं होतं रे माझं," म्हणाली. लोक हसले. म्हातारी नागासाठी रडते! पुढं त्याच पावसाळ्यात उंदरांनी तिची कणगी पोखरली. भात गेला. ती कुणाच्या दारात मागायला आली नाही. आणि आपण होऊन कुणी विचारलं नाही. कुणीच नाही. दसऱ्याच्या आत गेली बिचारी.

असो. ऐका.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती. खालच्या वाडीतून कुणीतरी टेकाडावर चढून हाळी दिली, "धुळाप्पाऽऽ! गोठ्यामागं लांबडं निघालंय! या लवकर!"

दाजींनी काठी घेतली, बॅटरी घेतली. अक्का म्हणाली, "अंधार पडलाय. सडकेनं जावा. ओढ्यानं नको."

"सडकेनं जाईस्तवर ते लांबडं सासरी जाऊन माघारी येईल!" दाजी हसले आणि ओढ्याच्या वाटेला लागले.

ओढ्यात उतरले. पाणी घोट्याएवढं. आणि पाण्यात काहीतरी सळसळलं! बॅटरी मारली. लांब अंग, त्याच्यावर सोंगट्यांच्या पटासारखी घरं. दाजींनी काठी हाणली. पाणी उडालं. बघतात तर खाली काही नाही! नुसते गोटे.

मागून आवाज आला. अगदी हळू.

"दिवड होती रे. बेडकं खाते, मासे खाते. तिला कुठलं विष?"

दाजी गर्रकन वळले. कुणी नाही.

वारा असेल म्हणाले, आणि चढाला लागले. चार पावलं गेले नाहीत तो दगडावर काळपट वेटोळं. अंगावर पांढुरके पट्टे. मण्यार! हाणली काठी. दगडावर आपटली, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. दगड मोकळा!

"कवड्या होता, त्यालाही विष नाही," पुन्हा तोच आवाज. आता कानाजवळ. "पट्टे मानेपासून, शेपटीकडं विरलेले. मण्यारीचे मानेशी नसतात, शेपटीपर्यंत ठळक जातात. एवढं बघायचं नसेल तर लांबून मागं फिरावं. काठी कशाला?"

"कोण हाय?" दाजी ओरडले.

बॅटरी विझली.

आणि समोर, वाटेच्या मधोमध, चिमणीचा उजेड. त्या उजेडाशी चंदरआज्जी बसलेली! पदर डोक्यावर, जशी जिवंतपणी बसायची तशीच.

"ये धुळाप्पा."

दाजींना पळायचं होतं. पाय उचलेनात. आणि हातातली काठी... पोरांनो, हातातली काठी गार पडली. मग मऊ झाली. मग हलली! मनगटाला वेटोळं घातलं तिनं. दाजी हात झटकतात, झटकतात, ती सुटते कुठली?

"आज्जे, सोड मला!"

"मी कुठं धरलंय?" म्हातारीनं चिमणी जवळ आणली. "बघ आणि सांग. कोण हाय हे?"

दाजींनी डोळे गच्च मिटले. "नाग!"

वेटोळं कोपरावर आलं.

"बघून सांग, लेकरा."

"नाग हाय, नाग!"

खांद्यावर आलं. मानेवर आलं. आवळलं! श्वास कोंडला. तेव्हा कुठं दाजींनी डोळे उघडले. तोंडासमोर तोंड. मोठे गोल डोळे. ओठांवर काजळाच्या काडीनं ओढल्यागत काळ्या रेघा. फणा नाही, फण्यावरचा दहाचा आकडा नाही. निमुळती, साधी मान.

"धामण," दाजी म्हणाले.

विळखा थोडा सैल झाला.

"आणि माझ्या गंजीत उंदरं खायला कोण होतं?"

दाजी रडायला लागले. एवढा मोठा माणूस. "धामणच होती आज्जे. मेल्यावर मी वाकून बघितलं होतं. ह्याच रेघा. पण तोवर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मग कसं सांगू?"

म्हातारीनं चिमणीवर फुंकर मारली. रागावली नाही, हसली नाही. चिमणी विझली. हातात पुन्हा काठी. दाजींनी ती तिथंच टाकली आणि ठेचकाळत, धडपडत पळत सुटले.

वाडीत पोचले तर गोठ्यामागं कंदील घेऊन माणसं जमलेली. मल्हारी नावाच्या तरण्या गड्यानं लांबडं मारलं होतं. केवढा खूश!

"उशीर केलासा दाजी! आज तुमचा मान गेला. नाग लोळवलाय! सांगा की ह्यांना."

सगळे दाजींकडं वळले. दाजी सांगतील ते खरं. दाजी उकिडवे बसले. कंदील खाली धरला. शेपूट अजून हलत होतं. त्यांनी ओठ बघितले.

"धामण हाय," म्हणाले.

मल्हारीचं तोंड उतरलं. मागून एकजण बोलला, "दाजींस्नी दुसऱ्याचा हार पचंना वाटतं!" हशा पिकला.

हसू ओसरेपर्यंत दाजी बसून राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "माझा हारबी खोटाच होता. चंदरआज्जीच्या गंजीत नाग नव्हता. धामण होती. मला ठावं होतं."

मग कुणी हसलं नाही. एकेकानं कंदील बारीक केला. एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून, दुसरं काय. त्या खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकानं खाल्ला होता, आणि पोखरलेली कणगी प्रत्येकाला ठाऊक होती.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर जांभळओढ्याच्या वाटेला पाऊल टाकू नका. सडक लांब पडली तर पडू द्या. ती म्हातारी कुणाचा जीव घेत नाही. नुसतं विचारते. आणि ती जे विचारते ना, त्याचं उत्तर आपल्याला आधीपासून येत असतं.