जांघेतून छातीपर्यंत

डॉ. रेफिल्वे : हलू नका बाबा, न्ताते त्सेलिसो. सुई जांघेत गेली. दुखतंय?

त्सेलिसो : नाही. पण पोरी, रक्त पडतंय खोकल्यातून आणि तू शिरतेस जांघेत? पत्ता चुकला काय तुझा?

डॉ. रेफिल्वे : नाही चुकला. इथली रक्तवाहिनी वर छातीकडे जाते. तिच्यातून ही बारीक नळी न्यायची. छाती फाडायला नको. पडद्यावर बघा.

त्सेलिसो : सव्वीस वर्षं सोन्याच्या खाणीत उतरलो. स्वतःच्या आत आजच बघतोय. हे गुंतवळ कसलं?

डॉ. रेफिल्वे : खाणीतली धूळ, वर तो जुना टीबी. त्यानं फुप्फुस खराब झालं, तिथल्या वाहिन्या फुगल्या. त्यांतून रक्त येतं. वाळूसारखे कण सोडून त्या बुजवायच्या.

त्सेलिसो : मग सोड की. थांबलीस का?

डॉ. रेफिल्वे : ही बारीक फांदी पाठीच्या कण्याला रक्त देते. कण तिच्यात गेले तर पाय लुळे पडतील. नळी तिच्या पुढे न्यायला हवी. सकाळी सांगितलं होतं, तुम्ही सही केलीत.

त्सेलिसो : तेव्हा बायको समोर होती. मासेरूहून या दवाखान्यात येताना अख्ख्या वाटेत तिनं माझं डोकं धरलं होतं. तिच्यासमोर कुठं घाबरू?

डॉ. रेफिल्वे : आत्ता नको म्हणालात तरी चालेल.

त्सेलिसो : आणि मग?

डॉ. रेफिल्वे : पुन्हा रक्त येईल. कदाचित श्वास कोंडेल इतकं.

त्सेलिसो : ने पुढे. पण काय करतेस ते सांगत राहा. कळलं नाही की मला जास्त भीती वाटते.

डॉ. रेफिल्वे : सरकवतेय... फांदी मागे राहिली. आता कण. थोडे. अजून थोडे.

त्सेलिसो : अगं, गुंतवळ पुसट होत चाललं!

डॉ. रेफिल्वे : पायाची बोटं हलवा. उजवी. आता डावी.

त्सेलिसो : हलली?

डॉ. रेफिल्वे : दोन्ही.

(दुपारी, वॉर्डात. बायको मामेल्लो खाटेशी बसली आहे.)

मामेल्लो : पाय सरळ ठेवा. संध्याकाळपर्यंत वाकवायचा नाही म्हणालीय डॉक्टर.

त्सेलिसो : ठेवलाय. आत कसं असतं, ठाऊक आहे तुला?

मामेल्लो : खोकला आला?

त्सेलिसो : दोनदा.

मामेल्लो : रुमाल बघू.

त्सेलिसो : काही नाही त्यात.

मामेल्लो : आठवडाभर हेच सांगत होतात. द्या इकडे.

त्सेलिसो : घे. तपकिरी डाग आहे थोडा. जुनं रक्त, दोन-चार दिवस येईल म्हणाली. लाल दिसलं तर लगेच सांगायचं.

मामेल्लो : कुणाला?

त्सेलिसो : तुला. आधी तुला.

मामेल्लो : हं. आता सांगा, आत कसं असतं?