सातपूरच्या भिंतीवरचं अक्षर

माझं गाव दिंडोरीकडं, शाळा चौथीपर्यंत, मग नाशिकला आलो नि ट्रकच्या पाट्या रंगवत रंगवत पेंटर झालो, आता सातपुरात लहानथोर मला पेंटरमामाच म्हणतात. काय सांगू ताई तुम्हाला, अक्षर मी कॉलेजात नाय शिकलो, विटांवर शिकलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ होता त्या कारखान्यात संप झाला. युनियनवाले म्हणाले, मामा, समोरच्या भिंतीवर असं लिहा की चालत्या बसमधून वाचता आलं पाहिजे. भिंतीला गिलावा नव्हता, मग मी विटाच मोजल्या. अक्षर सहा विटा उंच, वरची रेघ एक वीट जाड, दांडाही तेवढाच जाड, गोलासाठी खिळा ठोकून सुतळी फिरवली. नक्षी नाय, बारीक-जाड नाय. भाऊ म्हणाला, अरे हे अक्षर हाय का पहिलवान? एका जागी पाण्याचा पाइप आडवा आला, म्हणून ‘कामगार’ शब्दातल्या ग चा दांडा आखूड ठेवला. पुढं लासलगावच्या ट्रकवाल्यांना, तालमीला, डेअरीला, सगळ्यांना तेच अक्षर लागायचं. मी कुणाला नाय म्हटलं नाय.

मग फ्लेक्स आलं. माझं काम गेलं, ते जाऊ द्या, लय जणांचं गेलं. पण एक दिवस भाऊ पाळीच्या मध्येच घरी आला. कारखाना बंद केला म्हणे, गेटवर बोर्ड लागलाय. मी बघायला गेलो. बोर्डावर लिहिलेलं, कामगारांना आत येण्यास सक्त मनाई. माझं अक्षर! आणि ग चा दांडा आखूड. तिथं कुठं पाइप होता हो?

तसाच फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, मामा, भिंतीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर चढवला, अक्षर काय कुणाच्या बापाचं असतं का? वर हसून म्हणतो, बरं झालं आलात, भिंतीवर दोनच ओळी होत्या, निम्मी अक्षरं नव्हतीच, तेवढी काढून द्या, फॉन्टला तुमचं नाव देतो. माझं नाव! ज्या बोर्डानं भावाला गेटाबाहेर काढलं त्याच्यावर माझं नाव! म्हटलं, चोरलंस तेवढ्यावरच भागव. हात तोडलास तरी उरलेलं देणार नाय.

बायको म्हणाली, नाव तरी झालं असतं. भावानं त्याचा अर्धा चहा माझ्या बशीत ओतला.

तो फॉन्ट आता बिल्डर वापरतात, पुढारी वापरतात, उरलेली अक्षरं दुसरीच कुठली तरी घुसडलीत, लंगडतात नुसती. मला राग येतो, अजून येतो, साठी आली तरी. कंत्राटी बाया मोर्च्यासाठी कापड घेऊन येतात, त्यांना सगळी अक्षरं लिहून देतो. त्याचेही फोटो निघतील, ठाऊक हाय मला. निघू द्या. आधी त्या बाया गेटावर पोचू द्या.