साहेबांनी दिलेला आमचाच सोफा

आमच्या पक्षाचे साहेब गरिबाघरी जेवले, तो व्हिडिओ बघितला का? ते गरीब म्हंजे मीच बे!

चौसाळ्यात आपलं स्लॅबचं घर. कार्यकर्ते आले, म्हणाले, "काका, गरिबी दिसली पाहिजे." सोफा, फ्रिज, टीव्ही, समदं उचलून शेजाऱ्याकडं ठेवलं. साहेब पोत्यावर बसून भाकरी-ठेचा खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघून पोराच्या होणाऱ्या सासऱ्याचा फोन. "पाव्हणं, घरात खुर्चीबी न्हाई? कावून फसवलं आमाला? सोयरीक मोडली समजा!"

बायकोनं मला घरात टेकू दिलं न्हाई. पळतच पक्षाचं ऑफिस गाठलं. तिथला प्रसिद्धीवाला हसला. "एवढंच ना काका? सामान परत आणू की."

संध्याकाळी साहेब स्वतः आले. आमच्याच सोफ्याला हार घातला, आमच्याच फ्रिजपुढं नारळ फोडला, अन् कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "या घराची हालत बघून मला झोप लागली न्हाई. म्हणून हे सामान माझ्याकडून भेट!"

सोयरीक वाचली. गडबडीत टीव्ही तेवढा शेजाऱ्याकडंच राहिला. मागायला गेलो तर म्हणतो, "माझ्याकडं कावून मागता? साहेबांना सांगा, तिसरा व्हिडिओ हुईल!"