दगडफुलाची वही

(सरांच्या अभ्यासाची खोली. सरांना जाऊन दोन महिने झालेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचे मदतनीस असलेले, आता निवृत्त झालेले काका आलेत. समोर सरांची मुलगी.)

काका : चहा राहू द्या, ताई. ऊन आहे तोवर माप घेऊन टाकू. कागदाचे कोपरे मी धरतो, रेघ तुम्ही मारा. दरवर्षी याच आठवड्यात घेतो आम्ही.

मुलगी : कसलं माप?

काका : मागच्या अंगणातल्या दगडाचं. म्हणजे त्यावरच्या दगडफुलाचं.

मुलगी : दगडफूल म्हणजे... ते राखाडी डाग?

काका : डाग काय म्हणता! सरांनी उभ्या उभ्या तास घेतला असता तुमचा. जिवंत असतं ते. बारीक धागे दगडात घुसवतं, आंबट रस सोडतं. ओल मिळाली की फुगतं, ऊन लागलं की आकसतं, आणि दर वेळी दगडाचा एखादा कण सुटा करतं. सर म्हणायचे, झाडाच्या मुळानं खडक फुटला तर सगळे बघायला जातात, याच्याकडे कोण बघतो? वर्षाची वाढ किती, तर नखाच्या कडेएवढी.

मुलगी : मला कधी बोलले नाहीत बाबा.

काका : विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. विचारलं की मग थांबायचे नाहीत, ते वेगळं. एकतीस वर्षं चाललंय हे. आधी मला वाटायचं, माणूस मोठा, पण एक स्क्रू ढिला. मग मलाच नाद लागला. गोगलगायी यायच्या ते खरवडायला, तर त्यांच्यावर पाळत ठेवायला रविवारी बोलवायचे मला. बायको विचारायची, गोगलगाय काय पळून जाणार आहे?

मुलगी : काका, बसा जरा.

काका : बसतो. आधी कागद—

मुलगी : तो दगड मी घासला.

काका : घासला म्हणजे?

मुलगी : बाबा दवाखान्यात होते तेव्हा. घरी येणार म्हणून सगळं घर धुऊन काढलं. दगड फार कळकट वाटला. बाथरूमचं अ‍ॅसिड उरलं होतं, तारेचा ब्रश होता.

काका : मागच्या बाजूचं तरी राहिलं असेल?

मुलगी : काही नाही राहिलं. मी अर्धवट काम करत नाही, काका. बाबांवर गेलेय.

काका : ...सर काय म्हणाले?

मुलगी : आले त्या दिवशीच काठी टेकत मागे गेले. दगडावरून हात फिरवला. म्हणाले, "बराच वेळ लागला असेल तुला." मी म्हटलं, छे, तासाभराचं काम. हसले. मला वाटलं, खूश झाले.

काका : तरीच.

मुलगी : काय तरीच?

काका : जायच्या महिनाभर आधी मला बोलावून ही मापांची वही दिली. म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या, घरात नको. मला वाटलं, रद्दीत जाईल म्हणून. मी उघडलीही नाही.

मुलगी : द्या इकडे.

काका : राहू द्या, ताई.

मुलगी : काका, द्या.

काका : ...घ्या.

मुलगी : "पेपरवाल्याची सायकल टेकली, दोन मिलिमीटर नुकसान." "शेजारच्या मांजरीने खरवडले." "मदतनिसाचा चहा सांडला."

काका : तेही लिहिलं? एकदाच सांडला होता हो! पण सरांचं तसंच. ज्याची चूक त्याच्या नावावर. स्वतःलाही सोडायचे नाहीत.

मुलगी : हो. "माझा पाय पडला. निष्काळजीपणा." दोनदा आहे.

काका : शेवटच्या पानावर?

मुलगी : "संपूर्ण आवरण नष्ट. निरीक्षण समाप्त. कारण अज्ञात."

काका : अज्ञात?

मुलगी : असंच आहे.

काका : कॉलेजात मुलांनी प्रयोगाचे आकडे जुळवून आणले तर सर त्यांची वही खिडकीबाहेर भिरकावायचे, ताई. मी खाली जाऊन उचलून आणायचो. असा माणूस वहीत खोटं लिहून गेला?

मुलगी : पेन आहे तुमच्याकडे?

काका : खोडू नका. सरांचं अक्षर आहे ते.

मुलगी : खोडत नाही. खाली लिहिते.

काका : काय लिहिलंत?

मुलगी : "मुलीने घासला."

काका : तिला माहीत नव्हतं, असंही लिहा की. तेही खरंच आहे.

मुलगी : पंधरा वर्षं मी रोज फोन करत होते, काका. साखर किती, गोळी घेतली का, जेवलात का. बाबा सांगायचे, "आत्ता दगडापाशी बसलोय." आणि मी म्हणायचे, टोपी घाला, ऊन लागेल.